आवाज बंद ठेवलेली मॅच

आई गेल्यानंतर आबा आमच्याकडे लोणावळ्याला राहायला आले. भाऊ आणि वहिनी दोघंही कारखान्यात कामाला, दोघांच्या पाळ्या वेगळ्या. टाकव्याच्या घरात दिवसभर आबांपाशी कुणी नसायचं. तेवढ्यात काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा पुरता गेला आणि डाव्यानंही धुरानं भरलेल्या नळीतून पाहिल्यासारखं अंधुक दिसू लागलं. लेकीच्या घरी राहणं त्यांना फार जड गेलं. दिवाळीनंतर भाऊ शेतातल्या इंद्रायणी तांदळाचं पोतं आमच्याकडे आणून टाकायचा, आणि आलेल्या-गेलेल्याला आबा ते दाखवायचे. म्हणायचे, मी माझंच खातोय हितं.

आबा तरुणपणी गावच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्याला खेळायचे. चढाईला आलेल्याचा घोटा धरून त्याला खाली ओढायचा, याला पट काढणं म्हणतात. आबांचा पट सुटत नाही, असं जुनी माणसं सांगायची. मी मात्र त्यांना खेळताना कधी पाहिलं नाही. मला कळायला लागलं तोवर त्यांनी खेळ सोडलेला होता, आणि तसंही आमच्या गावात मुलींनी मैदानाच्या कडेला बसायची रीत नव्हती.

लोणावळ्याला आले तेव्हा सुरुवातीला आमच्या टीव्हीवर तालुक्याचं केबल चॅनल लागायचं. रविवारी दुपारी त्यावर गावोगावचे कबड्डीचे सामने दाखवायचे. आठवडाभर जुने असायचे ते, खाली पट्टीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सोनारांच्या जाहिराती सरकत असायच्या. आबा टीव्हीला नाक लावून बसायचे. पुढे ते चॅनल बंद पडलं आणि सामने फोनवर थेट दिसू लागले. मैदानाच्या कडेला मचाण बांधून एक कॅमेरा लावायचे, समालोचक कर्ण्यातून बोलायचा, आणि पुण्याला, मुंबईला, दुबईला असलेली गावातली पोरं त्याखाली निरोप लिहायची. आबांना त्या एवढ्याशा पडद्यावर काहीच दिसेना. मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

मी शाळेत भूगोल शिकवते. कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, "तो लाल शर्टवाला पळाला."

"पळाला म्हंजी? डावीकडं का उजवीकडं? कुटला पाय म्होरं हाय?"

मला ते सांगता येईना आणि आबा चिडायचे. पण शिकवायचेही. चढाईला आलेल्याच्या हाताकडं बघू नको, म्हणायचे. हात फसवतो, पाय फसवत नाही. कोपऱ्यातला रक्षक कधी खाली बसतो, मधला कधी पुढं सरकतो, बोनसची रेषा ओलांडताना मागचा पाय वर उचललेला लागतो, हे सगळं मी पंचेचाळिशी उलटल्यावर शिकले. सहा महिन्यांत मला असं सांगता येऊ लागलं की आबा डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांची बोटं मांडीवर आपोआप आवळली जायची, जणू कुणाचा घोटा हातात आलाय. लहानपणी आबा माझ्याशी फारसे बोललेले मला आठवत नाहीत. ते रविवार आम्हा दोघांचे होते. माझे मिस्टर त्या वेळात मुद्दाम बाहेर पडायचे. म्हणायचे, तुम्हा बापलेकीच्या मध्ये मी कशाला.

आमच्या गावच्या संघात एक मुलगा होता, सात नंबरचा. आबा त्याला 'वरल्या आळीचा पोरगा' म्हणायचे. किती गुण झाले यापेक्षा तो कसा खेळतोय, हेच ते जास्त विचारायचे. चढाईला डावीकडून जातो का? परत फिरताना गुडघा वाकवतो का? पडला तर लगेच उठला का? मला वाटायचं, जुना खेळाडू आहे, चांगला पोरगा बरोबर ओळखतोय.

तो मुलगा वरल्या आळीतल्या काकांचा नातू. हे काका आणि आबा एकाच संघात खेळलेले. काका चढाईला, आबा कोपऱ्याला. पण दोन घरांत बोलणं नव्हतं. लग्नकार्याला आमच्या घरून कुणी त्यांच्याकडे जायचं नाही आणि त्यांच्याकडून कुणी यायचं नाही. काका एका पायानं लंगडत चालायचे आणि संध्याकाळी देवळापुढच्या पटांगणात पोरांना कबड्डी शिकवायचे. त्यांच्या अंगणावरून शाळेत जाताना ते मला "कुटं चाललीस ग?" विचारायचे, आणि मी खाली मान घालून पुढे जायचे. का बोलायचं नाही ते आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात परंदवडीला स्पर्धा होती. रविवारी दुपारी चारला आमच्या गावचा उपांत्य सामना होता. आबांनी साडेतीनलाच तोंड धुतलं, टोपी घातली. घरात बसूनही मॅचला ते टोपी घालायचे. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. सुरुवातीला जाहिरात लागली म्हणून मी आवाज बंद केला. जाहिरात संपली, चित्र आलं. दोन्ही संघ रेषेवर ओळीनं उभे होते, माना खाली घातलेल्या. आमच्या गावच्या पोरांच्या दंडावर काळ्या फिती होत्या. कॅमेरा हळूहळू स्टेजकडे वळला. टेबलावर एक फोटो होता, फोटोला हार, पुढे उदबत्ती. मी काकांना दहा-बारा वर्षांत पाहिलं नव्हतं, तरी पाहताक्षणी ओळखलं.

आबा माझ्याकडे तोंड करून बसले होते. "सुरू झालं का?" त्यांनी विचारलं.

माझं बोट आवाजाच्या बटणावर होतं. वर केलं असतं तर समालोचकानं सांगितलंच असतं. मी ते खाली दाबलं, पार तळाला गेलं की नाही ते परत पाहिलं, आणि म्हणाले, "व्हय. आता सुरू होतंय."

"आवाज का यीना?"

"रेंज नाही आबा. चित्र पण अडकतंय मधनंमधनं."

मी असं का केलं, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. वाटलं, सकाळपासून माणूस वाट बघतोय, सामना होऊ दे, मग सांगू. आणि खरं सांगायचं तर, काकांच्या मरणाचं आबांना एवढं काही वाटेल, असंही मला वाटलं नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं न बोललेली माणसं.

आवाज परत चालू करायची मला भीती वाटली. समालोचक मध्येच पुन्हा नाव घेईल. म्हणून अख्खा सामना मी बंद आवाजात पाहिला आणि एकटीनं सांगितला. आबांच्या कानावर त्या दिवशी माझ्याशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी विचारलं, "सात नंबर कुटं हाय?"

तो नव्हता. घरात सुतक. मी म्हणाले, "दिसत नाही. बाहेर बसवलाय वाटतं आज."

"का?"

"काय माहीत. गुडघा दुखावला असंल."

गुडघा माझ्या तोंडी कुठून आला? आबाच कायम त्याच्या गुडघ्याचं विचारायचे, म्हणून तोच शब्द जिभेवर आला असणार. आबांचा चेहरा एकदम उतरला. "कुटला? डावा का उजवा? पट्टी बांधलीय का? चालतोय का?" मी सांगितलं, कडेला उभा आहे, चालतोय, फार काही नाही. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं. ते थोडे शांत झाले, तरी दर दोन-चार मिनिटांनी विचारत राहिले, बसला का, उठला का. मी नसलेल्या मुलाला कडेला उभा करत राहिले.

सामना आमच्या गावानं जिंकला. शेवटच्या चढाईला आमच्या डाव्या कोपऱ्यानं पट काढला आणि मी ते सांगितलं तेव्हा आबांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. पुष्कळ वेळ वाजवल्या. मग आल्याचा चहा मागितला आणि म्हणाले, गावाला फोन लाव, पोरांना शाबासकी देऊ. मी म्हणाले, पोरं अजून मैदानावर असतील, उद्या लावू.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी भावाला फोन केला. काका बुधवारी गेले होते. शेतात पाणी धरायला गेले होते, तिथेच छातीत कळ आली. भाऊ म्हणाला, तुला कळवायचं राहूनच गेलं, आपलं त्यांचं येणं-जाणं नाही, म्हणून वाटलं आबांना कशाला त्रास. त्याचंही माझ्यासारखंच.

संध्याकाळी घरी आल्यावर मी चप्पल काढून थेट आबांपाशी बसले आणि सांगितलं.  आबा खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर उजेड होता की नाही एवढंच त्यांना त्या खिडकीतून कळायचं. मग म्हणाले, "काल मॅचच्या आदी दोन मिन्टं उभी राह्यली आसतील पोरं."

"व्हय आबा."

"फोटो ठिवला आसंल."

"व्हय."

"तू बगितलास."

मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसत नाही, आणि पुन्हा तोंडानं "व्हय" म्हणावं लागलं.

"आन मी टाळ्या वाजवल्या," आबा म्हणाले.

एवढंच. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. मी माफी मागितली, ती ऐकली की नाही कळलं नाही. जेवले नाहीत. सकाळी मी उठले तेव्हा अंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून दाराजवळ खुर्चीत बसले होते. म्हणाले, टाकव्याला चल. मी शाळेत कळवून रजा टाकली.

पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत त्या वेळी गर्दी नव्हती.  कामशेत गेल्यावर मी काही न विचारताच आबा बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, समोरच्या रिकाम्या बाकाशी बोलल्यासारखं.

मी पाळण्यात होते तेव्हाची गोष्ट. रेल्वेच्या संघासाठी निवड चाचणी होती. खेळात निवड झाली की रेल्वेत नोकरी. गावातून दोघांनी अर्ज केले, काकांनी आणि आबांनी. बोलावणं आलं एकट्या काकांना. चाचणीच्या चार दिवस आधी पटांगणात सराव चालला होता. काका चढाईला आले, आबांनी पट काढला. काकांचा दम सुटला होता. कबड्डीत दम सुटला की डाव संपतो, पाय सोडायचा असतो.

"त्यो 'सोड' म्हनला," आबा म्हणाले. "मी ऐकलं. आन पाय सोडला न्हाई. लय न्हाई, एक पलभर. तेवड्यात वरनं मधला पडला आन गुडगा फिरला त्याचा."

मी विचारलं, "मुद्दाम धरून ठेवलात?"

"त्येच तर मला अजून कळलं न्हाई," आबा म्हणाले. "इतकी वर्सं झाली. रोज आटवून बगतो. न्हाई कळत."

काकांची चाचणी गेली. नोकरी गेली. पाय कायमचा अधू झाला. पण त्यांनी गावभर सांगितलं की खेळात असं होतंच, कुणाचा दोष नाही. आणि आबांचं तिथेच अडलं. ज्यानं सगळ्यांसमोर माफ करून टाकलंय, त्याच्याकडे कशाची माफी मागायची? मागितली तर मुद्दाम केलं असं कबूल केल्यासारखं होणार. नाही मागितली तर तोंड कसं दाखवायचं? काका काठी टेकत दोनदा आमच्या घरी आले. दोन्ही वेळा आबांनी आईला सांगायला लावलं की घरात नाहीत. त्यानंतर ते आले नाहीत. गावानं त्याला भांडण म्हटलं. भांडण झालंच नव्हतं. आबांनीच बोलायचं सोडलं होतं. त्याच साली खेळही सोडला.

मग मला ते गुडघ्याचे प्रश्न कळले, आणि परवा मी काय बोलून बसले होते तेही कळलं. कान्हे स्टेशन आलं. खाली उतरताना आबांनी माझा हात धरला, पण नेहमीसारखा घट्ट नाही.

फाट्यावरून जीपनं गावात गेलो. आमच्या घराकडे न वळता आबा सरळ वरल्या आळीला निघाले. डोळे गेले तरी पाय चुकले नाहीत. काकांच्या ओट्यावर चार माणसं बसलेली होती, ती उठली. काकू आतून आल्या. त्या आबांकडे जरा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "या भाऊ. बसा."

आबा बसले. पलीकडच्या माणसांनी कधी, कसं, काय ते सांगितलं. आबा ऐकत होते. माणसं गेल्यावर म्हणाले, "वयनी, त्याचा पाय..." आणि पुढे त्यांना बोलता येईना.

"पायाचं काय आता भाऊ," काकू म्हणाल्या. "थंडीचा ठनकायचा. मी शेक द्यायची. आता गेला त्यो पायबी त्यांच्यासंगं."

आबांनी विचारलं, "माजं काय बोलायचा का कदी?"

 काकू आठवून पाहत होत्या. बाई सरळ होती, धीर द्यायला म्हणून काहीतरी गोड सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तसं त्यांनी केलं नाही.

"न्हाई भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव न्हाई काडलं कदी. वंगाळ न्हाई, चांगलं न्हाई."

 जे सांगायला आबा आले होते ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही उठलो तेव्हा काकांचा नातू आतून आला. फोनवर दिसायचा त्यापेक्षा बारीक वाटला, विशीतला, डोळे सुजलेले. ओट्याच्या पायऱ्या उंच आहेत, म्हणून त्यानं आबांना धरून खाली उतरवलं. शेवटच्या पायरीवर आबा वाकले आणि त्यांनी तळहात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. पोराला वाटलं, म्हातारा तोल जाऊन पडतोय. त्यानं काखेत हात घालून आबांना वर उचललं आणि म्हणाला, "सावकाश आबा."

घरी परतल्यावर दोन-तीन रविवार आबांनी मॅच लावायला सांगितली नाही. मीही विषय काढला नाही. मग तळेगावच्या स्पर्धेत गावचा सामना होता तेव्हा म्हणाले, लाव. मी फोन लावला, आवाज चालू ठेवला, शेजारी बसले. सात नंबर खेळत होता. मी सांगू लागले, डावा पाय पुढं, डावीकडून आत, बोनस घेतला, परत फिरला.

"खरं?" आबांनी विचारलं.

"खरं आबा."

पुढच्या चढाईलाही विचारलं. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. एखादा माणूस अंधारात पाय टाकण्याआधी काठीनं जमीन चाचपतो, तसं विचारत होते. समालोचक जे सांगायचा ते माझ्या सांगण्याशी जुळतंय का, याकडे त्यांचा कान असायचा. कधी कर्ण्याचा आवाज फाटायचा, समालोचकाचं काही कळायचं नाही. मग मी सांगितलेलं ते ऐकून घ्यायचे आणि मांडीवरची बोटं तशीच सैल राहायची. तो सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. मी तसं सांगितलं. संध्याकाळी माझे मिस्टर बाहेरून आल्यावर आबांनी त्यांना विचारलं, "जावई, आमचं गाव हरलं का? जरा फोनात बगा." त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, हो, दोन गुणांनी. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवलं आणि तसाच हात ठेवून उभी राहिले. एका मॅचपुरतं खोटं बोलले होते मी. त्याआधी अडीच वर्षं प्रत्येक पाय, प्रत्येक हात खरा सांगितला होता.

हनुमान जयंतीला गावात दरवर्षी कबड्डी असते. या वर्षी आबा म्हणाले, फोन नको, मला गावाला ने. ऊन उतरल्यावर सामने सुरू झाले. आता पटांगणात माती नाही, मॅट टाकतात. पोरांच्या पायांचा आवाज वेगळा येतो, असं आबा म्हणाले. मी त्यांना पहिल्या ओळीत खुर्ची मिळवून दिली आणि स्वतः शेजारी बसले. आता बायकाही बसतात तिथं. खेळ सुरू झाला. मी सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आबा दुसऱ्या बाजूला वळले. तिथं खालच्या आळीतले एक म्हातारे बसले होते, त्यांना स्वतःलाच जाड चष्मा. आबांनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि विचारलं, "सात नंबर कुटल्या अंगानं गेला?"

त्यांनी सांगितलं, उजवीकडून. तो डावीकडून गेला होता. मी काही बोलले नाही. आबांनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं.